पास झाल्यावरचा पहिला इंटरव्ह्यू घालवला, दुसरा निघाला

रिटेल स्टोअरमधल्या नोकरीच्या पहिल्या इंटरव्ह्यूला मी जाम तयारी करून गेले होते असं मला वाटत होतं. 'स्वतःबद्दल सांगा' पाठ, 'तुमच्यातली कमजोरी काय' तेही पाठ (मी परफेक्शनिस्ट आहे म्हणे, आता आठवलं तरी लाज वाटते). आणि समोरच्या सरांनी पहिल्या पाच मिनिटांतच विचारलं, वस्तू 60 ला आणली, 100 ला विकली, मार्जिन किती? मी एकदम कॉन्फिडन्समध्ये म्हटलं, सर 67 टक्के. ते म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की. तिथेच विकेट पडली. 67 हा मार्कअप झाला, म्हणजे खरेदीवर किती चढवलं ते, मार्जिन विक्रीवर धरतात, 40 टक्के. तीन वर्षं कॉमर्स शिकून हे.

घरी येऊन मावसभावाला फोन केला, तो बरीच वर्षं स्टोअरमध्ये आहे. दादा म्हणाला, अगं पुस्तकं ठेव बाजूला, शनिवारी संध्याकाळी कुठल्याही कपड्यांच्या दुकानाबाहेर एक तास उभी राहा आणि मोज. काय मोजू? आत किती गेले आणि पिशवी घेऊन किती बाहेर आले.

मला आधी येडेपणा वाटला पण गेले. मोबाईलमध्ये रेघा मारत उभी. तासाभरात 214 जण आत, 47 पिशव्या बाहेर, म्हणजे साधारण 22 टक्के. यालाच कन्व्हर्जन म्हणतात आणि आत जाणाऱ्यांच्या आकड्याला फुटफॉल, हे दोन्ही शब्द मला आधी नुसते व्याख्या म्हणून माहीत होते. दादाला आकडा सांगितला तर म्हणाला, चार जणांची फॅमिली आली आणि एकच बिल केलं तर तुझ्या हिशोबात तीन गिऱ्हाईकं रिकामी गेली ना? मग आत जाऊन बघ, खरंच रिकामे का जातायत.

आत गेले तर ट्रायल रूमला ही लांब लाइन, दोनच रूम चालू, तिसऱ्यात खोके भरलेले. एक मुलगा हातात तीन शर्ट घेऊन उभा होता, घड्याळ बघितलं, शर्ट जवळच्या रॅकवर टाकले आणि निघून गेला. ते शर्ट पण चुकीच्या साइजमध्ये जाऊन पडले, म्हणजे आता ती साइज शोधणाऱ्याला पण मिळणार नाही, एका फटक्यात दोन गिऱ्हाईकं गेली! मी तिथे उभ्या उभ्या हे सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

बाकीची तयारी मग पटापट झाली. श्रिंकेज म्हणजे कागदावरचा स्टॉक आणि प्रत्यक्षातला स्टॉक यातली तूट, आणि ती फक्त चोरीने येत नाही, बिलिंगची चूक, माल घेताना न मोजणं, डॅमेज, सगळं त्यात येतं. प्लॅनोग्राम म्हणजे कुठल्या शेल्फवर काय ठेवायचं त्याचा नकाशा. आणि अनुभव काय सांगायचा हा मोठा प्रश्न होता, कारण नोकरी कधी केलीच नव्हती. शेवटी कॉलेज फेस्टचं तिकीट काउंटर आठवलं, कॅश कमी भरली म्हणून दोघी एकमेकींवर घसरल्या होत्या, मी दोघींना शांत करून तिकिटांची फाटलेली टोकं आणि पैसे परत मोजायला लावले, एक गठ्ठा दोनदा लिहिला गेला होता. प्रसंग काय, माझं काम काय, मी काय केलं, पुढे काय झालं, एवढं दीड मिनिटात बसवलं.

दुसरा इंटरव्ह्यू, वेगळी कंपनी. मॅडमनी विचारलं, तुमच्या सेक्शनचा सेल पडलाय, काय कराल? आधीची मी असते तर 'टीमला मोटिव्हेट करीन' म्हणाले असते. मी म्हटलं, मॅडम आधी बघेन काय पडलंय, माणसंच कमी येतायत, की येऊन घेत नाहीयेत, की घेतायत पण बिल छोटं होतंय, तिन्हीचा इलाज वेगळा. आणि मग ट्रायल रूमवाला किस्सा सांगितला, तीन शर्टांसकट. त्या पेन खाली ठेवून ऐकत होत्या. विकेंडला सुट्टी मिळणार नाही, चालेल का, यावर मात्र माझं क्षणभर तोंड पडलं आणि ते त्यांना दिसलं, मी पण लपवलं नाही, म्हटलं सवय करावी लागेल.

बारा दिवसांनी मेल आला, ट्रेनी म्हणून. पहिल्याच शनिवारी दारावरचं माणसं मोजायचं मशीन दाखवलं तर मी आधी विचारलं, आपण स्टाफ आत-बाहेर करतो ते पण यात मोजलं जातं का? सीनियर म्हणाला, जातं ना, म्हणून तर चहाला मागच्या दाराने जायचं.