चेहरा धुतल्यानंतरची दहा मिनिटं: संवेदनशील त्वचा आणि क्लेन्झर, माझा अनुभव

क्लेन्झर सौम्य आहे की नाही हे बाटलीवर वाचून कळत नाही, आणि चेहरा धुताना तर मुळीच कळत नाही. मी ते नंतर ठरवते. चेहरा धुवायचा, पाणी टिपायचं आणि काहीही न लावता दहा मिनिटं थांबायचं. गाल ओढल्यासारखे झाले, हसताना ओठांच्या कडेला ताण आला किंवा नाकाच्या बाजूला चुरचुर सुरू झाली, तर बाटलीवर काहीही छापलेलं असो, ते क्लेन्झर माझ्या उपयोगाचं नाही. फेस किती आला, वास किती ताजा होता, बोट गालावरून करकरत फिरलं का, या कशालाही मी गुण देत नाही. करकरीत स्वच्छ वाटणं हीच मुळात धोक्याची खूण असते.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या मधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड असतात. आतलं पाणी धरून ठेवायचं आणि बाहेरचं त्रासदायक आत येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. क्लेन्झरमधला मळ आणि तेल सोडवणारा घटक यांनाही थोडंफार सोडवतो, शिवाय त्वचेतल्या प्रथिनांना चिकटून मागे राहतो. धडधाकट त्वचा काही तासांत सावरते. संवेदनशील त्वचेत हा थर आधीच विरळ झालेला असतो, म्हणून तेच क्लेन्झर बहिणीला चालतं आणि आपल्याला झोंबतं. त्यात त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ५ च्या आसपास असतो आणि साबणाचा ९ ते १०. हे सिरॅमाइड घडवणारी त्वचेतली विकरं (एन्झाइम) आम्लधर्मी वातावरणात नीट काम करतात. दिवसातून तीनदा साबण लावला की त्यांना ते मिळतच नाही.

नवीन बाटली आणण्याआधी बाकीचं सगळं थांबवावं लागतं. स्क्रब, टोनर, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, ॲसिडवाली सिरम, घरचे लेप, सगळं. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन एवढंच ठेवायचं. चार गोष्टी चालू असताना पाचवी आणली, तर लाली कशामुळे आली ते कुणालाच सांगता येणार नाही. वरचा थर पूर्ववत व्हायला निदान दोन आठवडे जातात. तोवर सकाळी नुसतं पाणी आणि रात्री हातात असलेल्यांपैकी जे सगळ्यांत कमी झोंबतं ते, असं चालवायचं.

घरच्या लेपांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या जवळ असतो आणि तो लावून उन्हात गेलं की काहींना चट्टे उठतात. खाण्याचा सोडा उलट अल्कधर्मी. बेसनात तसा दोष नाही, पण ते वाळल्यावर चोळून काढायची सवय वाईट, कारण त्या घासण्यानेच वरचा थर निघतो. विकतच्या उटण्यात नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद यांच्याबरोबर बरेचदा सुगंधी द्रव्यही असतं. दिवाळीच्या अंघोळीला अंगाला उटणं जरूर लावावं. चेहरा तेवढा वगळावा.

साबणाच्या वडीवरचा टीएफएम (टोटल फॅटी मॅटर, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थांचं प्रमाण) पाहून घेणारे बरेच असतात. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० लागतो. त्यावरून वडी किती अस्सल साबणाची आहे ते कळतं, पण ७६ टक्क्यांचा साबणही अल्कधर्मीच असतो. चेहऱ्यासाठी टीएफएम बघण्यात अर्थ नाही.

आता लेबल. अक्षरं इतकी बारीक असतात की दुकानात उभ्याने वाचणं अशक्य. मी मोबाइलवर फोटो काढून मोठा करते. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले मात्र शेवटी कसेही. त्यामुळे पहिल्या सहा-सात नावांतच त्या क्लेन्झरचा स्वभाव कळतो. सोडियम लॉरिल सल्फेट वर दिसलं की बाटली परत ठेवायची. त्वचारोगाच्या प्रयोगांत त्वचेला मुद्दाम त्रास द्यायचा असतो तेव्हा हाच पदार्थ वापरतात. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याच्यापेक्षा सौम्य. सोबत कोकामिडोप्रोपिल बीटेन असेल तर ते अजून मवाळ होतं, तरी लाल पडणाऱ्या चेहऱ्यासाठी मी ते घेत नाही. सोडियम कोकॉयल आयसेथिओनेट, डेसिल किंवा कोको ग्लुकोसाइड, सोडियम मिथाइल कोकॉयल टॉरेट ही नावं दिसली की बाटली हातात ठेवायची. ‘सोप-फ्री’ या शब्दावर मात्र भिस्त ठेवू नये. साबण नसलेल्या बाटलीतही सोडियम लॉरिल सल्फेट असू शकतं.

पाण्यानंतर ग्लिसरीन असेल तर उत्तम. सेटिल अल्कोहोल, स्टिअरिल अल्कोहोल बघून बरेच जण दचकतात. ती मेणासारखी स्निग्ध अल्कोहोलं आहेत, त्वचा कोरडी करत नाहीत. कोरडं करतं ते डिनेचर्ड अल्कोहोल.

वासाचं प्रकरण जास्त फसवं. ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ लिहिलेलं असतं तेव्हा निदान दिसतं तरी. ‘अनसेंटेड’ म्हणजे बिनवासाचं असं आपण धरून चालतो, पण त्यात मूळ वास झाकायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. शोधायचा शब्द ‘फ्रॅग्रन्स-फ्री’. तोही वाचून झाला की यादीत लॅव्हेंडर, टी ट्री, संत्र्याचं तेल, लिमोनीन, लिनालूल नाही ना ते बघायचं. परिरक्षकांपैकी (प्रिझर्व्हेटिव्ह) मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे एक नाव पाठ करून ठेवण्यासारखं आहे. त्याची ॲलर्जी इतक्या लोकांना होऊ लागली की युरोपीय संघाने २०१७ पासून लावून ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ते अजूनही सापडतं. ‘हायपोअलर्जेनिक’ आणि ‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’ हे शब्द मी वाचतही नाही. काय चाचणी केली आणि निकाल काय आला, हे त्यातून काहीच कळत नाही.

पीएच घरी बघता येतो. ४ ते ७ मधला फरक स्पष्ट दाखवणाऱ्या पट्ट्या घ्यायच्या, साधा लिटमस नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी ९ मिली आणि क्लेन्झर १ मिली ढवळून पट्टी बुडवायची. नळाचं पाणी वापरलं तर त्याचाच अल्कधर्म मोजला जाऊ शकतो. ४.५ ते ६ मधे आलं की समाधान. तेलाच्या किंवा बामच्या क्लेन्झरला ही चाचणी लागू नाही.

सगळ्यांत लहान बाटली आणायची आणि थेट चेहऱ्यावर जायचं नाही. कोपराच्या आतल्या घडीत ओल्या त्वचेवर थोडं लावायचं, अर्धा मिनिट ठेवून धुवायचं, दिवसातून दोनदा, आठवडाभर. मग तसंच जबड्याच्या कडेला तीन-चार दिवस. क्लेन्झर हातावर चोपडून, वर पट्टी बांधून रात्रभर ठेवायचा सल्ला दिला जातो, तो चुकीचा आहे. धुऊन टाकायचा पदार्थ इतका वेळ कोंडला तर चांगल्यातल्या चांगल्या क्लेन्झरनेही त्वचा लाल होते आणि निष्कर्ष खोटा निघतो.

झोंबणं आणि ॲलर्जी यांतला फरक वेळेवरून ओळखता येतो. लावताक्षणी किंवा तासाभरात आग, ओढलेपणा आला तर बहुतेक नुसता दाह असतो, कमी प्रमाण किंवा दिवसातून एकदाच वापर एवढ्याने तो थांबू शकतो. एक ते तीन दिवसांनी खाज, सूज, बारीक पुरळ आलं, तेही लावलेल्या जागेच्या बाहेर सरकत, तर ॲलर्जीचा संशय धरायचा आणि ती बाटली कायमची बंद. ‘आधी घाण बाहेर पडते, मग चेहरा स्वच्छ होतो’ हे क्लेन्झरच्या बाबतीत मानू नये. अर्ध्या मिनिटात धुतल्या जाणाऱ्या सौम्य क्लेन्झरमुळे तसं होत नाही. फोड येत असतील तर ते त्या क्लेन्झरमुळेच येत आहेत.

धुण्याची पद्धत सांगते. आधी हात धुवायचे. चेहरा पूर्ण ओला करायचा, कारण कोरड्या त्वचेवर क्लेन्झर जिथे पहिल्यांदा टेकतं तिथे त्याची तीव्रता सगळ्यांत जास्त असते. हरभऱ्याएवढं क्लेन्झर तळहातावर पाण्याने पातळ करून कपाळ, नाक, हनुवटी आणि शेवटी गाल. गालांना सगळ्यांत कमी वेळ. बोटांच्या टोकांनी २० ते ३० सेकंद, ब्रश किंवा जाळी नको. धुवायला मात्र त्याच्या दुप्पट वेळ. कानापुढची जागा, केसांची कड, जबड्याखालचा भाग आणि नाकपुड्यांच्या खाचा इथे क्लेन्झर हमखास राहतं, आणि नेमकं तिथेच लाल दिसलं तर दोष बाटलीपेक्षा धुण्यात असतो. केस धुण्याच्या दिवशी शॅम्पूचा फेस चेहऱ्यावरून उतरतो, म्हणून चेहरा केसांनंतर धुवायचा. मऊ पंचाने टिपायचं आणि त्वचा दमट असतानाच मॉइश्चरायझर. दहा मिनिटांची परीक्षा नवीन बाटलीच्या पहिल्या काही दिवसांपुरती.

पाणी कोमट, म्हणजे हाताला गरम न लागणारं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी गीझरसारखं येतं, तेव्हा बादली भरून ठेवून निवू द्यावी लागते. जड पाणी ही वेगळी डोकेदुखी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी कितीदा तरी इष्ट मर्यादेच्या वर असतं. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतं. तो बादलीच्या कडेला पांढुरका दिसतो तसाच गालावरही बसतो. सिंडेट प्रकारच्या, म्हणजे साबणाऐवजी कृत्रिम डिटर्जंट असलेल्या क्लेन्झरचा असा साका होत नाही, पण जड पाण्यात दाह करणारे घटक त्वचेवर जास्त उरतात. अशा घरात शेवटचे दोन तांबे पाणी फिल्टरचं घ्यायचं, एवढ्याने फरक पडतो.

किती वेळा धुवायचं? रात्री एकदा क्लेन्झर, सकाळी पाणी. पाण्याने न निघणारं सनस्क्रीन लावलं असेल तर आधी बिनवासाचं क्लेन्झिंग तेल कोरड्या चेहऱ्यावर लावून, पाण्याने दुधाळ करून धुवायचं आणि मग नेहमीचं. मायसेलर वॉटर ‘धुवायची गरज नाही’ म्हणून विकतात. त्यातही मळ सोडवणारे घटक असतात, म्हणून मी ते धुतेच.

सगळं नीट करूनही जबड्यावर आणि गालांवर लाली राहिली तर क्लेन्झर बदलत बसण्याआधी उशीचा अभ्रा, पंचा आणि स्कूटरवर बांधायचा स्कार्फ बघावा. कपड्यांच्या पावडरचा अंश आणि दिवसभराचं घासणं त्यात असतं. एक जादा पाणी काढून ते धुवायचे. नाकाच्या बाजूला आणि भुवयांत पिवळट खपल्या असतील तर तो कोरडेपणा नसून बरेचदा कोंड्याचाच प्रकार असतो. त्याला औषध लागतं.

आणि एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी दुकानातून आणलेलं एखादं क्रीम महिनोन् महिने चालू आहे का? ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्याने त्वचा पातळ पडते आणि मग साधं पाणीही झोंबतं. २०१८ साली सरकारने अशी बरीच क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. ते एकदम बंद केलं तर चेहरा भडकतो, त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच कमी करायचं.

डॉक्टरांकडे जाताना वापरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात. ॲलर्जीचा संशय असेल तर ते पॅच टेस्ट सांगतात. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि साधारण ९६ तासांनी पुन्हा पाहतात. तोवर पाठ ओली करायची नाही, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायचं. घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून घाई नसेल तर ही तपासणी थंडीच्या दिवसांत करून घ्यावी.