रात्रीच्या दुर्बिणीला चष्मा लावून डोळा लावायचा की काढून?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. बीडमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे, नंबरही मीच काढतो. २०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्याची दहशत बसली तेव्हापासून हा प्रश्न दुकानात सारखा येतो. शेतीची लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायला जावंच लागतं. मग कुणी दुर्बीण घेतं, कुणी ऑनलाईन नाईट व्हिजन, म्हणजे अंधारात बघायचं यंत्र, मागवतं, आणि चार दिवसांनी माझ्याकडे येतं: "डॉक्टर, दिवसा समदं लख्ख दिसायलंय, रातच्याला ह्याच्यातून बिबट्या हाय का बाभूळ तेच कळंना. चष्मा काढून बघू का घालून?" बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणात बसणारी हौशी मंडळीही हेच विचारतात, त्यांची दुर्बीण महाग असते, एवढाच फरक.

उत्तर तुमच्या नंबरच्या कागदावर आहे. नुसता स्फेरिकल, म्हणजे साधा प्लस किंवा मायनस नंबर असेल आणि तो फार मोठा नसेल, तर चष्मा खुशाल काढा. दुर्बिणीचं फोकसचं चाक तेवढं भरून काढतं. पण सिलिंडर पाऊणच्या पुढं असेल तर चष्मा ठेवा आणि डोळ्याकडची रबरी वाटी दुमडून घ्या. सिलिंडर म्हणजे बुबुळाचा गोलावा उभा आणि आडवा सारखा नसणं. चाकाने सगळा फोकस एकदम पुढं-मागं सरकतो, एकाच दिशेचा वेगळा सरकवता येत नाही. हा दोष भिंगाने दुरुस्त करण्याची युक्ती जॉर्ज एअरी या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये स्वतःच्याच डोळ्यासाठी काढली. आजच्या भारी दुर्बिणीतही ती सोय नाही, ती तुमच्या चष्म्यातच आहे.

मग दिवसा का जाणवत नाही? दिवसा बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, अंधारात तरुण माणसाची सातपर्यंत उघडते. डोळ्याच्या भिंगांच्या कडेचा भाग मधल्या भागापेक्षा किरण जास्त वाकवतो. दिवसा बाहुली कडेचे किरण अडवते, रात्री ते सगळे आत शिरतात आणि डोळ्यामागच्या पडद्याच्या अलीकडेच जुळतात. यालाच स्फेरिकल अ‍ॅबरेशन म्हणतात. बाहुली दुप्पट झाली की हा दोष दुप्पट होऊन थांबत नाही, कित्येक पटींनी वाढतो. त्यात अंधारात डोळा आपोआप थोडा जवळचा फोकस धरतो. म्हणून काहींना रात्री अर्धा-एक मायनस जास्तीचा लागतो. ग्रीनिचच्या वेधशाळेतल्या मॅस्केलाइन यांनी हे १७८९ मध्येच नोंदवलं होतं. आणि आम्ही नंबर काढतो तो ट्यूबलाईटखाली!

दोष डोळ्याचा की दुर्बिणीचा, हे घरच्या घरी कळतं. दुर्बिणीतून एखादा ठळक तारा बघा. त्याला काटे फुटलेले दिसतील. डोकं सरळ ठेवून दुर्बिणीची एक नळी डोळ्यासमोर गोल फिरवा. काटे नळीबरोबर फिरले तर दोष नळीचा. ते जागेवरच राहिले आणि मान कलती केल्यावर मानेबरोबर कलले, तर तुमच्या डोळ्याचा. मग पुठ्ठ्याला तीनेक मिलिमीटरचं भोक पाडून डोळ्यापुढं धरा. उजेड कमी होईल, पण काटे आखडतील.

बाहुलीच्या मापामुळेच पन्नाशीपुढच्या माणसाला मी ७×५० (सातपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) दुर्बीण घेऊ देत नाही. तिच्यातून सात मिलिमीटरचा झोत बाहेर येतो आणि त्या वयाची बाहुली बहुधा तेवढी उघडतच नाही. ८×४२ चा झोत सव्वापाचचा असतो, तो पुरतो.

नाईट व्हिजनला दोन चाकं असतात आणि बहुतेकांना एकच माहीत असतं. पुढचं चाक समोरच्या वस्तूसाठी, डोळ्याकडचं आतल्या स्क्रीनसाठी. आधी डोळ्याकडचं चाक प्लसच्या टोकाला न्या, मग हळूहळू मायनसकडे आणा आणि स्क्रीनवरचे दाणे टोकदार झाले की थांबा. मायनसकडून आलात तर डोळा ताण देऊन जुळवून घेतो आणि अर्ध्या तासात कपाळ दुखायला लागतं. जुन्या पद्धतीच्या ट्यूबचा हिरवा पडदा एका परीनं बरा: जवळजवळ एकच रंग असल्याने रंग फाटण्याचा, म्हणजे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी जुळण्याचा, दोष डोळ्याला जाणवत नाही. स्वस्तातल्या डिजिटल यंत्रात मात्र स्क्रीनच भरड असते, तिथं डोळा कितीही दुरुस्त केला तरी बाभूळ बाभूळच.

"मग लेझर करून टाकू का?" असंही विचारतात. नको. साध्या लेझरने दिवसाचा नंबर जातो, पण रात्रीचं स्फेरिकल अ‍ॅबरेशन उलट वाढू शकतं. डोळ्याचा बारीकसारीक नकाशा काढून करतात ते लेझर त्या बाबतीत बरं, पण त्यातही दोष शून्य होत नाही. निव्वळ बिबट्या बघायला डोळ्यावर लेझर कशाला मारून घ्यायचा?

एक राहिलं. पथदिव्याभोवती धुकट कडं दिसतंय आणि भोकाच्या पुठ्ठ्यातूनही फरक पडत नाही, असं असेल तर माझ्याकडे येऊ नका. तो मोतीबिंदू असू शकतो. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, दुर्बीण नंतर घ्या.