टॉवर वगळून

रविवारी स्पॉट पेंटिंगला निघालेली आमची मंडळी एका कामात फार तरबेज आहेत. वगळण्यात. समोर डोंगर, खाली भाताची खाचरं आणि मधोमध हायटेन्शनचा टॉवर. तासाभरानं बघावं तर प्रत्येक बोर्डावर डोंगर उतरलेला, खाचरं उतरलेली, टॉवर मात्र एकावरही नाही. तारांवर बसलेले पक्षी तेवढे आभाळात सोडून दिलेले!

सवय शाळेपासूनची. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, नागमोडी नदी, काठावर झोपडी. त्यात कोणी विजेचा खांब काढला असता, तर बाईंनी खोडरबर पुढे केलं असतं.

पण ज्या खाचरांना आपण बिनतक्रार निसर्ग म्हणतो, ती तरी कुठे आपोआप झाली? कोणीतरी उतार तोडला, बांध घातले, पाणी अडवलं. फुटलेला बांध अजूनही दरवर्षी सावरावा लागतो. ही खोदाई जुनी झाली, हिरवी झाली, म्हणून चित्रात खपते इतकंच. जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराची शांत नदीही त्यातलीच. स्टूर नदी मालवाहतुकीसाठी लॉक, म्हणजे होड्या वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे, बांधून सुधारलेली होती, आणि त्याच्या वडिलांची तिच्यावर गिरणी होती, मालाच्या होड्या होत्या. १८१६-१७ मधल्या ‘फ्लॅटफर्ड मिल’ला त्यानं ‘वाहतुकीच्या नदीवरचं दृश्य’ असं उपशीर्षकही देऊन टाकलं. आपण बघतो झाडं आणि ढग.

जॉर्ज इनेस या अमेरिकन चित्रकाराला टॉवर वगळायची सोयच नव्हती, कारण पैसे टॉवरवाल्यांचेच होते. १८५६च्या सुमारास एका रेल्वे कंपनीनं त्याच्याकडून पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनचं चित्र काढून घेतलं. ‘द लॅकावॉना व्हॅली’. आता ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दूरवर धुकट डोंगर, मध्ये इंजिनांची गोल शेड, धूर सोडत येणारी गाडी. गाडीचा धूर आणि दरीतलं धुकं त्यानं एकाच मऊ रंगात रंगवलंय. कंपनी खूश व्हावी असं. आणि अलीकडे, अगदी पायाशी, तोडलेल्या झाडांची खोडं. एक-दोन नव्हेत, उतारभर. तिथेच एक पोरगा आरामात रेलून गाडी बघतोय. त्याला वाईट वाटतंय की मौज, काही कळत नाही, आणि मला हे चित्र आवडतं ते त्यामुळेच. इनेसनं ना आरती ओवाळली, ना गळा काढला. पुढे कित्येक वर्षांनी हेच चित्र त्याला मेक्सिको शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडलं. कंपनीचा उत्साह तेवढाच!

आपल्याकडे अशी जागा शोधायला लांब जावं लागत नाही. कोकणात राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, चिरेखाणी आहेत, बांधकामाचे जांभ्या दगडाचे चिरे काढायच्या. कातळात काटकोनात उतरत गेलेल्या पायऱ्या, भिंतींवर यंत्राच्या पात्याचे समांतर ओरखडे. लाइट रेडमध्ये थोडा बर्न्ट सिएना घातला की रंग हुबेहूब जमतो. पावसाळ्यात तळाशी पाणी साचतं, त्यात आभाळ उतरतं. खाण कुरूप असती तर प्रश्न मिटला असता. ती देखणी दिसते ही खरी पंचाईत. म्हणून मी कडेला चिरे भरत असलेला एक ट्रक हटकून काढतो. नाहीतर लोक तळं समजून दिवाणखान्यात लावतात.