आमची वाटचाल : पोत्यातून आलेले ट्रक

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे आणि आम्ही एकच काम करतो, जुने नाकवाले, म्हणजे पुढं बॉनेट असलेले ट्रक परत रस्त्यावर आणायचे. डॉज, फार्गो, डिसोटो. तिन्ही कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे, लोखंड एकच, नुसती नावाची पट्टी वेगळी, हे वाचणाऱ्यांना माहीत असणारच म्हणून जास्त सांगत नाही.

सुरुवात २००१ ला झाली. मी आयटीआय करून दोन-तीन गॅरेजमधे हात काळे केलेले, इंजिन खोलता-बांधता येत होतं पण स्वतःचं मशीन म्हणाल तर काही नव्हतं. शेजारच्या गाळ्यात लेथवाले काका होते, त्यांच्याकडं पंजाबातल्या बटाल्याचा लेथ, म्हणजे लोखंड फिरवून तासायचं मशीन, आणि त्यांनीच म्हटलं की भाड्याचं बघू नंतर, तू गाड्या आण. आज पार्टनरशिप म्हणजे स्टॅम्पपेपर, वकील, काय काय असतं, आमची पार्टनरशिप एका वहीत होती, डाव्या पानावर त्यांचं काम, उजव्या पानावर माझं. जुन्या ट्रकचा व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणारा भाग, बाजारात मिळत नाही, मिळाला तर आतून खड्डे पडलेला असतो, तर काका तो बोअर करून पितळेची स्लीव्ह दाबून बसवायचे आणि मग होनिंग करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून, बोट फिरवून बघायचे. गेज होतं हो त्यांच्याकडं, पण बोट आधी. काकांनीच मला जुन्या बाजारातून विटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाचे पाने आणून दिले, ते अजून वेगळ्या पेटीत आहेत आणि त्या पेटीला पोरांनी हात लावायचा नाही. गाडी अमेरिकन घराण्याची म्हणून एएफचे, म्हणजे इंचाच्या मापाचे पाने लागतात, मधेच कुठंतरी विटवर्थ निघतो, आणि मागच्या पन्नास वर्षात कुठल्या तरी मिस्त्रीने मेट्रिक बोल्ट ठोकून बसवलेला असतो. ज्याने एकाच पान्याच्या सेटवर ट्रक खोलायला घेतला त्याने अर्धे नट गोल केलेत, हे मी डोळ्याने बघितलंय.

पुढची पंधरा-सोळा वर्षं कामच काम. काका थकले, लेथ त्यांनी मला दिला.

आता तो विषय, जो लोक फोनवर रोज विचारतात. स्वतः बांधू का तुमच्याकडं देऊ? लॉकडाउननंतर तर हे फार वाढलं. व्हिडिओ बघायचे, भंगारातून ट्रक उचलायचा, फार्महाउसवर शेड मारायची आणि सुट्टीच्या दिवशी खोलायला लागायचं. मी ह्याच्या विरोधात अजिबात नाही. उलट ज्याने स्वतः वायरब्रश मारलाय त्याला आपल्या ट्रकची किंमत कळते, असा गिऱ्हाईक मला आवडतो. पण खोललेला ट्रक आमच्याकडं येतो तो पोत्यातून येतो! सगळे बोल्ट एका पोत्यात, ब्रॅकेट दुसऱ्यात, कुठल्याच भागाला चिठ्ठी नाही. तो ट्रक ओळखण्यातच इतका वेळ जातो की उभा आला असता तर निम्म्या खर्चात झाला असता.

असाच एक डॉज आमच्याकडं आला आणि त्याने आम्हाला जवळजवळ बुडवलं, ते जरा नीट सांगतो.

मालक पुण्याकडचे, चांगले शिकलेले, ट्रक त्यांनी स्वतः खोललेला. इंजिन पर्किन्सचं पी-सिक्स, मद्रासच्या सिम्प्सनने बनवलेलं, डिझाइन मूळ १९३७ चं, सहा सिलिंडर, पावणेपाच लिटरच्या आसपास. आम्ही क्रँक ग्राइंडिंगला दिला, पंप कॅलिब्रेट करून घेतला, पुढच्या चाकांचे किंगपिन-बुश नवे बनवले, चासी सरळ केली. पुढचं काम ब्रेकचं होतं. तेवढ्यात हायवेवरच्या एका नव्या वर्कशॉपने त्यांना आमच्या निम्म्या भावात आणि तीन महिन्यात पूर्ण करून देतो असं सांगितलं. त्यांनी ट्रक उचलला, आमचं अर्धं बिल राहिलं, आणि आमची दोन तयार पोरंही त्याच वर्कशॉपने उचलली, ज्यांना मी गॅस वेल्डिंगचा रॉड कसा धरायचा तिथपासून शिकवलेलं.

ट्रक खरंच तीन महिन्यात चकाचक झाला. लोकांनी फोटो फिरवले. आणि पहिल्याच लांबच्या फेरीत फोंडा घाटात ब्रेक गेले. ड्रायव्हर जुना माणूस, गाडी खालच्या गिअरात होती म्हणून त्याने डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली, कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. ह्या ट्रकांचा ब्रेक सिंगल सर्किट असतो, एक पाईप फुटला की चारी बाजूचं प्रेशर एकदम जातं, आजच्या गाडीसारखं निम्मं शिल्लक राहत नाही. त्या पाईपला जोड होता, पितळेची झाळ मारून केलेला, वरून काळा रंग! ब्रेकच्या पाईपला झाळ मारणारा माणूस मिस्त्री नाही, मी त्याच्या तोंडावर सांगेन.

पण सांगितलं काय गेलं? की ब्रेक कोल्हापूरवाल्यांनी केलेले. जुन्या गाड्यावाल्यांच्या सगळ्या ग्रुपवर आठवड्याभरात हे पसरलं. माझ्याकडं जॉबकार्ड होतं, ट्रक उचलला त्या दिवशीचे फोटो होते, त्यात ड्रम उघडे आणि सिलिंडर जागेवर नाहीत हे स्पष्ट दिसतंय, पण फोटो बघायला कुणी थांबलं नाही. लोक ॲडव्हान्स परत मागायला आले, दोन ट्रक अर्धवट उचलून नेले, गाळ्याच्या कर्जाचे हप्ते थकले, बँकेचा माणूस येऊन बसायला लागला. बायकोने दागिने काढून दिले. मी लेथ विकायचा भाव काढला होता.

तेव्हा अण्णा आले. अण्णा म्हणजे गुळाचे व्यापारी, त्यांच्या वडलांची फार्गो आम्ही पहिल्या नटापासून शेवटच्या रंगापर्यंत केलेली. त्यांनी जॉबकार्ड वाचलं, फोटो बघितले, चहा प्यायले आणि म्हणाले, "लेथ विकायचा न्हाई. माझी दुसरी गाडी उद्या येतीय." आणि ती आली, पूर्ण पैसे आधी देऊन. वर त्यांनी त्याच ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला की माझी फार्गो घाट उतरते आणि ब्रेक ह्याच माणसाने केलेत. अण्णा नसते तर मी आज हे लिहायला नसतो.

ज्यांना स्वतः बांधायचंय त्यांनी एवढं ऐका. खोलताना फोटो काढा, प्रत्येक नटाला चिठ्ठी लावा, बोल्ट काढला की परत त्याच भोकात हाताने फिरवून ठेवा. गंज काढा, प्रायमर मारा, लाकूडकाम करा. केबिन परदेशी फोटो बघून पत्र्याची करू नका, आपल्याकडं बहुतेक ट्रक काउल-चासी म्हणून यायचे, बॉनेट-मडगार्ड कारखान्याचं आणि मागची केबिन, हौदा इथल्या सुताराचा, सागवान नाहीतर ऐनाचा. ओरिजिनल म्हणजे हेच, ह्यावरून माझं कित्येकांशी भांडण झालंय. पण ब्रेक, स्टिअरिंग, चासीचं वेल्डिंग आणि डिझेल पंप ह्या चार गोष्टींना घरी हात लावायचा नाही, आमच्याकडं नका देऊ, दुसरीकडं द्या, पण जाणकाराला द्या. पुट्टी किती भरली ते चुंबक लावून बघा, चिकटला नाही तर पुट्टी जाड आहे नाहीतर खाली पत्राच नाही. आणि ट्रक घ्यायच्या आधी कागद. जुलै २०२१ मधे केंद्राने व्हिंटेजचे नियम आणले, पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए सीरिजचा नंबर वगैरे, पण ते दुचाकी आणि प्रवासी कारसाठी आहेत, ट्रक त्यात बसत नाही. लोक व्हिंटेज नंबर मिळेल म्हणून भंगारातून बिनकागदाचा ट्रक उचलतात आणि मग माझ्याकडं रडत येतात. चासी नंबर आरसीशी जुळतोय का बघा आणि आरटीओत आधी विचारून या, पान्याला हात नंतर.

आज वर्कशॉपमधे काम भरपूर आहे, हप्ते फिटले. नेलेल्या दोन पोरांपैकी एक परत आला, त्याला मी घेतला. पुणेवाल्यांचं राहिलेलं बिल मात्र अजून आलेलं नाही. आणि त्या हायवेवरच्या वर्कशॉपच्या बोर्डावर आजही मोठा फोटो आहे तो अण्णांच्या फार्गोचा, आम्ही केलेल्या फार्गोचा, दारावर अण्णांच्या पेढीचं नाव रंगवलेलं आहे तेवढं फोटोत पुसून टाकलंय. दोनदा सांगून झालं, काढलेला नाही.