घुमट कुणाचं?

गोव्याचं संगीत म्हटलं की आपल्याकडे लोकांना दोनच गोष्टी आठवतात, एक गिटार-कार्निवल आणि दुसरं मंगेशकर घराणं. दोन्ही खरंच आहे, पण या दोन्हींच्या मधे, घुमट नावाच्या मातीच्या तालवाद्याला धरून, जे केवढं तरी पसरलेलं आहे ते बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. मला पण नव्हतं माहीत, मी सांगलीची, लग्न होऊन फोंडा तालुक्यात आले आणि पहिल्या चवथीला (गणेश चतुर्थीला इथे चवथ म्हणतात) आरतीला उभी राहिले तेव्हा कळलं की आपण आजवर घरी म्हणत होतो ती आरती पाच मिनिटांत उरकत होतो!

इथे आरती तासन् तास चालते. आणि मराठीत बरं का, घरात सगळे कोंकणी बोलणारे पण आरत्या मराठी, सुखकर्ता दुःखहर्ता तीच, शब्द तेच, पण चाल संथ, एकाने ओळ उचलायची बाकीच्यांनी झेलायची, आणि दोन ओळींच्या मधे नुसता ताल. आता पितळी झांजा तर आपल्याकडेही असतात, त्यांना इथे कासाळें म्हणतात, आणि दोन काठ्यांनी वाजवायचं शामेळ असतं. पण सगळ्यांना धरून ठेवतं ते घुमट.

घुमट म्हणजे भाजलेल्या मातीचं भांडं, दोन्ही बाजूंनी तोंड उघडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं असतं आणि दुसरं तोंड लहान, ते मोकळं ठेवतात. उजव्या हाताने चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या हाताचा तळवा त्या लहान तोंडावर ठेवायचा, काढायचा, अर्धा ठेवायचा, की आतली हवा कोंडते सुटते आणि आवाज खोल जातो नाहीतर वर उचलला जातो. लांबून बघताना सगळं लक्ष उजव्या हाताकडे जातं. सासऱ्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं तेव्हा कळलं की खरं काम डाव्याचं आहे, तबल्यात बायाँवर मनगट दाबून जी मींड काढतात ना तेच इथे नुसत्या हवेवर चाललंय. पावसाळ्यात चामडं सैल पडतं मग आरतीच्या आधी जरा शेकायचं, बोटाने टिचकी मारून ऐकायचं, परत शेकायचं.

आता हेच घुमट सासष्टीत (मुंबईची नव्हे, दक्षिण गोव्यातली) जा, मडगाव, कुडतरी, लोटली बाजूला, ख्रिश्चन घरातल्या लग्नात वाजताना दिसेल. तिथे त्याच्या जोडीला व्हायोलिन असतं आणि गायचा असतो मांडो. मांडो एकोणिसाव्या शतकातला, शब्द कोंकणी, सूर बराचसा युरोपातून आलेला, एकापेक्षा जास्त आवाजांत गायचा, ठेका सहा मात्रांचा आणि एकदम सावकाश. विरह, प्रेम, निरोप असलेच विषय. नाचताना बायका आणि पुरुष दोन रांगांत समोरासमोर, बायकांच्या हातात पंखा, पुढे येतात, एकमेकांना ओलांडून जातात, हात धरणं वगैरे काही नाही. मग मांडो संपला की लगेच दुलपदं सुरू होतात, ती जलद, गावातल्या गमतीजमती, कुणाची तरी चेष्टा, आणि मग लहान मुलं पण मधे घुसतात. मला स्वतःला मांडोच जास्त आवडतो, घुमट इतकं हळू वाजवता येतं हे मला आरतीत कधी कळलं नसतं.

आता कुणी म्हणेल वा काय सुंदर सलोखा, दोन धर्म एक वाद्य. पण हे असं प्रेमाने वाटून घेतलेलं नाहीये हो. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय होतं, मधली थोडी वर्षं सोडली तर थेट 1812 पर्यंत, आणि 1736 साली त्यांनी एक लांबलचक हुकूमनामा काढला होता. बाटलेल्या लोकांनी घरी काय काय करायचं नाही याची यादीच. लग्नात देशी वाद्यं वाजवायची नाहीत, ओव्या म्हणायच्या नाहीत, नवरानवरीला हळद तेल नारळाचा रस लावायचा नाही, अंगणात तुळस लावायची नाही. मी पहिल्यांदा ही यादी वाचली तेव्हा फार राग आला, आणि मग वाटलं की अरे, धर्म बदलून शंभर दीडशे वर्षं झाल्यावरही हुकूम काढावा लागतोय म्हणजे लोक हे सगळं करतच होते!

आणि अजून करतात. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या रोसला गेले होते मी. रोस म्हणजे लग्नाच्या आधी नवरीला नारळाचा रस लावायचा, आपली हळदच. आधी आई, मग मामी, मग शेजारच्या बायका, एकेकजण येऊन डोक्यावर, हातांवर, खांद्यांवर रस चोळत होत्या, खाली पाट भिजलेला, कॅमेरेवाला सारखा ताई जरा बाजूला व्हा म्हणतोय, आणि तिची आजी खुर्चीवर बसून ओव्या म्हणत होती. ओव्यांत क्रॉसची खूण होती, मायमरी (येशूची आई मेरी) होती, आईबापांचे उपकार होते. पण चाल! माझी आजी जात्यावर बसायची नाही तरी जात्यावरच्या ओव्या तिला पाठ होत्या, भाजी निवडताना म्हणायची, तोच छोटा टप्पा, तोच शेवटचा हेलकावा. मला तिथे रडू आलं आणि मैत्रिणीची आई मला विचारते काय झालं म्हणून.

ओवीचं आणि चर्चचं नातं तसं जुनंच आहे. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पंथाचा पाद्री 1579 साली गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओवीत लिहिली, ख्रिस्तपुराण, 1616 साली गोव्यातल्याच रायतूरला छापलं. दहा हजारांच्या वर ओव्या आहेत आणि त्या चर्चमधे म्हटल्या जायच्या. म्हणजे एकीकडे चर्चचाच माणूस ओवी हातात घेतो आणि शंभर सव्वाशे वर्षांनी त्याच सत्तेचा हुकूम म्हणतो लग्नात ओवी नको. यात सुसंगती शोधायला गेलं तर सापडत नाही, पण बायकांनी ओवी सोडली नाही एवढं मात्र दिसतं. घरच्या विधीला ती लागत होती, ती नसेल तर रोस पुरा कसा होणार.

देखणीबद्दल पण सांगायलाच हवं. देखणी म्हणजे ख्रिश्चन रचनाकारांनी बांधलेली कोंकणी नाचगाणी, आणि त्यातली नायिका बऱ्याचदा देवळातली कलावंतीण. हांव सायबा पलतडी वैता ही सगळ्यात प्रसिद्ध. कलावंतिणीला पलीकडे दामूच्या लग्नाला जायचंय, नावाड्याला विनवतेय, अंगावरचे दागिने देऊ करतेय आणि तो नको म्हणतोय. बॉबी मधलं घे घे घे रे साहिबा आठवतंय ना, 1973 चं, ते इथून घेतलंय. आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस या गोव्यातल्या माजोर्ड्याच्या माणसाकडे (हो, अमर अकबर अँथनी मधल्या गाण्यात आहे ते नाव यांच्यावरूनच). गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलं नोटेशन आणि व्हायोलिन शिकली आणि तीच पुढे मुंबईच्या स्टुडिओंत जाऊन बसली. आणि दुसरीकडे देवळांच्या कलावंत घराण्यांतून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर निघाल्या, दोघी अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. एवढ्याशा गोव्यातून हे सगळं, आणि ज्या बायकांमुळे त्यातला अर्धा भाग उभा राहिला त्यांच्याबद्दल समाज तेव्हा नीट बोलत पण नव्हता, हे विसरून कसं चालेल.

मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ आहे ती गावड्यांच्या जागराची. गावडा समाज गोव्यातल्या जुन्यातला जुना, त्यात हिंदू आहेत, ख्रिश्चन आहेत आणि 1928 च्या शुद्धीनंतर परत हिंदू धर्मात आलेले नवहिंदू पण आहेत. जागर म्हणजे रात्रभर गाणी, सोंगं, घुमट. सुरुवातीला जे नमन असतं त्यात हिंदू देव येतात आणि बाप, पुत्र, पवित्र आत्मा पण येतात. शिवोलीला नाताळनंतर जो जागर होतो तो तर हिंदू आणि ख्रिश्चन मिळूनच करतात, गावाचा राखणदार (गाव राखणारा देव) दोघांचाच ना, मग त्याला जागवायचं तर दोघांनीच जागवायला हवं, इतका सरळ हिशोब आहे तो.

म्हणून स्टेजवर एका बाजूला आरतीवाले एका बाजूला मांडोवाले उभे करून मधे निवेदक एकतेबद्दल बोलतो तेव्हा मला जरा तुटल्यासारखं होतं. दहा मिनिटांची आरती, पाच मिनिटांचा मांडो, पुढचा ग्रुप तयार राहा. संथ चालीला वेळच मिळत नाही, मग सगळेच जलद वाजवतात आणि डाव्या हाताला करायला काही उरत नाही. स्पर्धा वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, त्यांच्यामुळेच कितीतरी पोरं वाजवायला लागलीत. 2019 मधे सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेही चांगलंच झालं. पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं, ती 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि हे बरोबरच आहे, घोरपड मारून आरती करायची गरज नाही. आता बकरीचं चामडं वापरतात. जुने लोक म्हणतात आवाज तसा येत नाही, मला ऐकून फरक कळतो, पण बकरीच्या चामड्यावरही चांगला हात असला की घुमट बोलतं हे मी ऐकलंय.

आमच्या वाड्यावर आता मुलींचा ग्रुप झालाय. आधी घरातल्या बायका आरतीला मागे उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या, आता बारावीतल्या पोरी पुढे बसून घुमट वाजवतात आणि शामेळवर एक आठवीतली आहे ती सगळ्यांना हाकते. सासरे रविवारी शिकवायला जातात. जलद वाजवू का आजोबा असं विचारलं की नाही म्हणतात, आधी तीच ओळ निम्म्या लयीत घ्यायला लावतात, आणि डावा तळवा किती उघडायचा ते स्वतःच्या हाताने तिचा हात धरून दाखवतात. या चवथीला देवळात पूर्ण आरती त्याच म्हणणार आहेत, सगळी कडवी, एकही न गाळता.