वीज बंद असताना धावणारी इंजिने

लंडनच्या भुयारी रेल्वेत रुळांच्या देखभालीसाठी धावणारी पिवळी बॅटरी-इंजिने प्रवाशांच्या नजरेस क्वचितच पडतात, कारण त्यांचे खरे काम शेवटची प्रवासी गाडी निघून गेल्यावर सुरू होते. मला मात्र त्या संपूर्ण व्यवस्थेत हेच यंत्र सर्वांत विचारपूर्वक घडवलेले वाटते.

तेथील गाड्यांना वीज मिळते ती चाकांच्या दोन रुळांखेरीज टाकलेल्या आणखी दोन रुळांतून. धन रूळ एका कडेला असतो आणि ऋण रूळ मधोमध. माणसांना रुळांवर उतरून काम करायचे तर हा प्रवाह तोडावाच लागतो, आणि प्रवाह तोडला की साधे विजेचे इंजिन जागीच थबकते. डिझेल इंजिन चालले असते, पण जेमतेम साडेतीन मीटर व्यासाच्या खोल बोगद्यात त्याच्या धुरात माणसांनी काम कसे करायचे? म्हणूनच कामाच्या जागेपर्यंत रुळांतली वीज घेऊन जायचे आणि तेथे प्रवाह तोडल्यावर स्वतःजवळच्या बॅटरीवर चालायचे, अशी दुहेरी सोय या इंजिनांत केलेली आहे.

इंजिनाच्या दोन्ही टोकांना चालकाची खोली असते आणि मधला बहुतेक भाग बॅटरीने व्यापलेला असतो. प्रत्येकी दोन व्होल्टचे १६० शिसे-आम्ल घट एकापुढे एक जोडले की ३२० व्होल्ट मिळतात, म्हणजे रुळांतल्या ६३० व्होल्टच्या साधारण निम्मे. वेग त्यामुळे कमी पडतो. पण नवे रूळ, स्लीपर आणि खडी लादलेले डबे हळूहळू पुढे सरकवायला वेगापेक्षा ओढच महत्त्वाची असते. बहुधा गाडीच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन जोडतात, म्हणजे परतताना इंजिन दुसऱ्या बाजूला नेऊन लावण्यात वेळ जात नाही.

ही बचत मोलाची आहे, कारण रात्रीचे मोजके तासच हाती असतात आणि जाण्यायेण्यात व सुरक्षेच्या तपासण्यांत त्यांतलाही बराच वेळ खर्ची पडतो. २०१६ पासून काही मार्गांवर शुक्रवार-शनिवारी रात्रभर प्रवासी गाड्या धावू लागल्या, तेव्हा त्या मार्गांवर देखभालीच्या रात्री आणखी कमी झाल्या.

पृष्ठभागाजवळच्या मार्गांवर देखभालीच्या गाड्या १९७१ पर्यंत वाफेची इंजिने ओढत होती. खोल बोगद्यांत ती मावतही नव्हती. त्यांच्या निवृत्तीनंतरही बॅटरी-इंजिनांच्या नव्या तुकड्या बांधल्या गेल्या, आणि १९८०च्या दशकात आलेल्या तुकडीतही तीच दुहेरी सोय कायम ठेवलेली होती.