बंद केलेल्या यात्रेच्या वाटेवर

स्वित्झर्लंडमधल्या राप्पर्सविल स्टेशनबाहेर, आइन्सीडेल्नच्या मठापर्यंत चालत निघताना, सकाळी साडेसातला शेजारच्या आजींनी माझ्या बुटांकडे बघून विचारलं, "नवे?" मी हो म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त पिशवीच्या तळातली पट्ट्यांची डबी काढून वरच्या कप्प्यात ठेवली.

माझ्या गाठीला वारी म्हणजे लहानपणी आजीबरोबर दोनदा आळंदी ते सासवड. दोन्ही वेळा आजोबा घरी पेपर वाचत बसले होते. "विठ्ठल तिथे आहे आणि इथे नाही, असं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न आणि "चला, वाटेत सांगते" हे आजीचं ठरलेलं उत्तर. ते कधी गेले नाहीत, तिने कधी सांगितलं नाही.

झुरिकला राहायला आल्यावर आजोबांचा प्रश्न पुन्हा भेटला, तोही पाचशे वर्षं जुना. उलरिख त्स्विंग्ली, पुढे झुरिकचा ख्रिस्ती धर्मसुधारक, १५१६ ते १५१८ आइन्सीडेल्नला धर्मोपदेशक होता. तिथल्या काळ्या मारियाच्या, म्हणजे येशूच्या आईच्या काळ्या मूर्तीच्या, दर्शनाला लांबून माणसं चालत यायची आणि हा त्यांना सांगायचा की देवाची कृपा जागेला बांधलेली नसते. जानेवारी १५१९ पासून तो झुरिकच्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमध्ये प्रवचनं देऊ लागला. १५२२ मध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपासात फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी सॉसेज खाल्लं गेलं. आपल्याकडे एकादशीला मटण शिजवावं तसा गहजब झाला. त्स्विंग्ली तिथे हजर होता, पण त्याने स्वतः तोंडाला लावलं नाही म्हणे. (हे वाचून मला तो पहिल्यांदा माणूस वाटला.) १५२४ मध्ये शहरातल्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं उतरवली गेली आणि झुरिककरांची आइन्सीडेल्नची वार्षिक यात्राही नगरपरिषदेने बंद केली.

म्हणजे ज्याने तिथे यात्रेकरू सांभाळले, त्याच्याच शहराने त्यांची वाट अडवली.

राप्पर्सविलहून निघालं की आधी सरोवरावरचा लाकडी पूल लागतो, ८४१ मीटरचा. आत्ताचा पूल २००१ सालचा, पण यात्रेकरू चौदाव्या शतकापासून इथूनच सरोवर ओलांडत आले. सकाळच्या धुक्यात फळ्या ओल्या होत्या आणि चालताना पोकळ आवाज येत होता. राप्पर्सविल गाव १५३१ मध्ये थोडे महिने रिफॉर्म्ड, म्हणजे त्स्विंग्लीच्या पंथाचं, झालं, मग परत कॅथलिक. १६५६ मध्ये झुरिकच्या सैन्याने वेढा घातला तरी पडलं नाही. आता पुलावर सायकलवाल्यांसाठी पाटी आहे.

समोरून येणारा प्रत्येक जण "ग्र्युएत्सी" म्हणतो. पहिल्या दहा जणांना मी मनातल्या मनात "माऊली" म्हटलं.

फेफिकोननंतर एत्सेलचा चढ सुरू होतो. दिवे घाट आठवला, पण दिवे घाटात मागून लाखभर माणसं रेटतात; इथे आपले पाय आपणच रेटायचे. अर्ध्या चढावर डाव्या टाचेने जीव घेतला. एका बाकावर बसले, मोजा काढला, रुपयाएवढा फोड. आजींनी न बोलता पट्टी लावली आणि वर बोटाने दाबून बघितली, आपल्या आया पुरी फुगली का बघतात तशी.

वर खिंडीत सांक्ट (म्हणजे संत) माइनराडचं देऊळ आहे. नवव्या शतकातला हा एकांतवासी साधू आधी इथे राहायचा, मग आतल्या रानात गेला. ८६१ मध्ये दोन चोरांनी त्याला मारलं आणि त्याच्या दोन पाळीव कावळ्यांनी झुरिकपर्यंत चोरांचा पाठलाग केला, अशी कथा. मठाच्या निशाणावर ते कावळे आहेत.

तिथे डबे उघडले. माझ्या पोळीभाजीच्या गुंडाळ्या, त्यांचा पाव आणि चीज. खाता खाता त्यांनी काप्पेल गावच्या दुधाची गोष्ट सांगितली, जी इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. जून १५२९. झुरिकचं सैन्य आणि कॅथलिक परगण्यांचं सैन्य समोरासमोर. वरती वाटाघाटी चाललेल्या, खाली पोरं भुकेली. कॅथलिकांकडे दूध भरपूर, झुरिकवाल्यांकडे पाव. सीमारेषेवर मोठं भांडं ठेवून दोघांनी त्यात पाव कुस्करून खाल्ला. नियम एकच, आपल्या बाजूचं खायचं. पलीकडचा तुकडा उचललास तर हातावर चमचा! मला आमचा गोपाळकाला आठवला, फक्त काल्यात कुणी सीमारेषा आखत नाही.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग दोन वर्षांनी त्याच काप्पेलला मारामारी. त्स्विंग्ली गेला."

११ ऑक्टोबर १५३१. झुरिकची सुमारे पाचशे माणसं पडली. त्यांत आइन्सीडेल्न मठाचा जुना कारभारी गेरोल्ड्सेकही होता, तो त्स्विंग्लीच्या बाजूला गेला होता. मठ तेव्हा जवळपास ओस पडलेला. १५२६ मध्ये श्वीझ या कॅथलिक परगण्याने सांक्ट गालेनहून लुडविग ब्लारर नावाचा साधू आणून मठाधिपती केला, म्हणून दिवा तेवत राहिला.

उतारावर झील नदीवर सैतानाचा पूल लागतो. पॅरासेल्सस या वैद्याचा जन्म जवळपासचाच. पण टाच बोलत होती, थांबले नाही.

आइन्सीडेल्नचं चर्च बघून मी चक्रावले. ग्रोसम्युन्स्टरच्या उघड्या भिंतींची सवय झालेली, आणि इथे सोनं, गुलाबी रंग, छतावरून लोंबणारी देवदूतांची पोरं. १७३५ साली अभिषेक झालेली ही वास्तू. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने, १५४५ ते १५६३, आतली घाण मान्य केली: पापमुक्तीचा बाजार, बिशप आपल्या मुलखात न राहणं, पाद्र्यांना धड शिक्षण नसणं. पण मूर्ती, संत, यात्रा यांवरून एक पाऊल मागे घेतलं नाही. वाचलं होतं, कळलं मात्र त्या छताखाली मान दुखेपर्यंत उभं राहिल्यावर.

काळी मारिया छोटीशी आहे. मुळात धुराने काळवंडलेली. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य आलं तेव्हा तिला ऑस्ट्रियात लपवलं. तिथे एकाने घासूनपुसून गोरं केलं, तर भक्तांना ती ओळखेना! मग पुन्हा काळा रंग दिला. आमच्या विठ्ठलाला कुणी गोरं केलं असतं तर आजीने काय केलं असतं, या विचाराने मला तिथेच हसू आलं.

साडेचारला साधूंनी गायलेली सांजप्रार्थना ऐकताना आजी हळूच म्हणाल्या, "मी रिफॉर्म्ड आहे, माहितेय ना? नवरा कॅथलिक होता. आमच्या लग्नाला माझ्याकडचं कुणी आलं नाही. तो दरवर्षी यायचा, मी कधीच नाही. तो गेल्यापासून येते."

"का?"

त्यांनी खांदे उडवले.

बाहेर चौकात कारंज्याला चौदा तोट्या आहेत. प्रत्येकीचं पाणी प्यायचं, अशी यात्रेकरूंची रीत. आजींनी पिशवीतून घडीचा पत्र्याचा पेला काढला आणि शिस्तीत एकेक तोटी घेत निघाल्या. मी सातव्या तोटीला पोट धरून उभी राहिले. त्या चौदावी संपवून, तोंड पुसत परत आल्या.

"अजून सात," म्हणाल्या. "लवकर. गाडी आहे."